देवमाशांच्या सासरी

प्रवासाच्या बाबतीत आमच्या घरी एक अलिखित करार आहे. कुठे जायचे ते मी ठरवायचे आणि का जायचे नाही ते हिने सांगायचे. लग्नाला अडतीस वर्षे झाली. या करारामुळे आमचे किती पैसे वाचले, याचा हिशेब जन्मभर बँकेत नोकरी करूनही मला लावता आलेला नाही. तेव्हा 2024 च्या जानेवारीत एडिंबरोहून लेकीचा फोन आला आणि ती म्हणाली, "आई, जूनमध्ये तुम्ही दोघं इकडे या, आणि कुठं फिरायचं ते या खेपेला तू सांग," तेव्हा मी अगदी निर्धास्तपणे वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आता हिचे गुडघे येतील, मग गॅलरीतली झाडे येतील, मग दूधवाला येईल, अशी माझी खात्री होती.

पण ही शांतपणे म्हणाली, "मला देवमासा बघायचाय. जिवंत. पाण्यातला."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

'जिवंत' आणि 'पाण्यातला' हे दोन शब्द तिने का वापरले ते लेकीला कळले नसेल, मला कळले. ते सांगायचे तर आधी 2023 च्या दिवाळीकडे वळायला हवे.

आमचे मूळ घर मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या शेजारी. धाकटा भाऊ तिथेच असतो, आंबा-नारळाचे बघतो. दिवाळीला आम्ही ठाण्याहून तिकडेच जातो. त्या वर्षी 12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फराळाला बसतो न बसतो तोच भाऊ धावत आला. "दादा, चल लवकर. पुळ्याला देवमासा लागलाय."

'लागलाय' म्हणजे किनाऱ्याला लागलाय. जाऊन पाहिले तर भरतीबरोबर आलेले आणि ओहोटीने वाळूत सोडून दिलेले ते एक पिल्लू होते. पिल्लू म्हणायचे एवढेच. ठाण्याच्या आमच्या दिवाणखान्यात ते मावले नसते. लांबी वीस फुटांच्या आसपास, वजन काही टन. कोणत्या जातीचे यावर किनाऱ्यावरच्या जाणकारांत मतभेद होते. पण ते संकटात आहे याबद्दल मात्र लहान पोरांचेही एकमत होते. वनखात्याची माणसे आली, पोलीस आले, तटरक्षक दल आले, आणि गाव तर आधीच जमला होता. कोणी ओली चादर पांघरतो आहे, कोणी बादलीने पाणी ओततो आहे. हिने दिवाळीचे नवे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचले आणि भावजयीच्या हातातली कळशी घेतली. हिचे माहेर वाईचे. समुद्र पाहिला तोच मुळी लग्न झाल्यावर, आणि अजूनही घोट्याच्या वर पाण्यात जायची हिची तयारी नसते. त्या दिवशी किती कळश्या झाल्या कोण जाणे.

पाण्यातल्या एवढ्या मोठ्या जिवाला जमिनीवर मरण कसे येते, हे मला तिथे एका पशुवैद्याने सांगितले. पाण्यात असताना त्याचे वजन पाणी पेलते. वाळूवर आले की स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुप्फुसे दबतात. शिवाय अंगावर चरबीचा जाड थर. आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून ते पाणी ओतायचे. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मासा पाण्यावाचून तडफडतो आहे. प्रत्यक्षात तो आपल्यासारखाच हवेवर जगणारा जीव असतो, आणि त्याला श्वास घेणे जड जात असते.

तो श्वास आम्ही ऐकला. डोक्यावरच्या छिद्रातून 'फुस्स' असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही. ही त्याच्या डोक्यापाशी बसून तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होती. एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंत. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, हे पिल्लू आहे ना? मग याची आई कुठं असेल?"

मी समुद्राकडे पाहिले. समुद्रावर काहीच दिसत नव्हते.

दोन दिवसांच्या खटपटीनंतर त्याला दोर लावून खोल पाण्यात ओढून नेले. टाळ्या झाल्या, गणपतीच्या नावाचा गजर झाला. पण ते जगले नाही. त्याचे कलेवर पुन्हा किनाऱ्याला आले. आम्ही ठाण्याला परतलो, पुढची कामे सुरू झाली. मात्र त्यानंतर कित्येकदा रात्री मला जाग आली की ही छताकडे बघत पडलेली दिसायची. "काय गं?" म्हटले तर "काही नाही." आणि काही नाही म्हणताना ओठ हलत असायचे, आकडे मोजल्यासारखे.

म्हणून फोनवर ती जे बोलली ते ऐकून मी कराराची आठवण काढली नाही.

देवमासे बघायला जगात बऱ्याच ठिकाणी बोटी निघतात; खुद्द स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरूनही निघतात. पण जावईबापू फार पद्धतशीर गृहस्थ आहेत. आठ दिवस अभ्यास करून त्यांनी निकाल दिला की हमखास दर्शन हवे असेल तर आइसलंडला जावे, आणि आइसलंडमध्येही उत्तर टोकाच्या हूसाविक गावी. एडिंबरोहून आइसलंड विमानाने दोन-अडीच तासांचे. तिथून पुढे मोटारीने उत्तरेकडे साडेचारशे किलोमीटरांहून अधिक. वाटेत झाड म्हणून दिसेल तर शपथ. काळ्या लाव्ह्याची मैदाने, त्यावर शेवाळ, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि मध्येच दोन-चार मेंढ्या अशा उभ्या की जणू त्यांनाच देशाची राखण सांगितली आहे. हिने तीन तास ते पाहिले आणि म्हणाली, "इथं माणसं पहिल्यांदा आली तेव्हा काय खाऊन जगली असतील हो?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुढे मिळायचे होते.

हूसाविक हे जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव. नावाचा अर्थ घरांची खाडी. नवव्या शतकात एक स्वीडिश दर्यावर्दी वाट चुकून इथे आला आणि हिवाळ्यापुरती घरे बांधून राहिला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. बंदराशेजारी 1907 साली बांधलेले लाकडी चर्च आहे, पांढऱ्या भिंतींचे आणि टोकदार मनोऱ्याचे. समोरच्या उपसागराचे नाव स्क्यालवांदी, म्हणजे थरथरणारा. हा सगळा भूकंपाचा मुलूख. पलीकडच्या काठाला बर्फाच्या पट्ट्यांचे डोंगर आणि उत्तरेला उघडा समुद्र. थोडे वर गेले की आर्क्टिक वृत्त. जूनच्या अखेरीला सूर्य मध्यरात्र उलटेपर्यंत मावळत नाही आणि मावळला तरी अंधार पडत नाही. त्यामुळे हिची पहिली तक्रार, "इथं दिवेलागण कधी करायची?"

पूर्वी हे गाव मासेमारीवर जगायचे. मग मासेमारीचे दिवस बदलले, मोठी जहाजे आली आणि ओकच्या लाकडाच्या जुन्या बोटी मोडीत निघू लागल्या. तेव्हा 1995 साली इथल्या काहींनी त्या बोटी डागडुजी करून, रंगवून, त्यांत माणसे बसवून देवमासे दाखवायला न्यायला सुरुवात केली. सुरुवातीला लोक हसले असणार. आज उन्हाळ्यात बंदरावर अशी गर्दी असते की आपल्या भाऊच्या धक्क्याची आठवण यावी. फक्त मासळीचा वास नाही आणि आरडाओरडा नाही.

पहिल्या फेरीला आम्ही सकाळी निघालो. बोटीवर चढण्यापूर्वी प्रत्येकाला एक लठ्ठ, कापूस भरल्यासारखा, मानेपासून घोट्यापर्यंतचा डगला देतात. तो साडीवर कसा चढवायचा हा प्रश्न लेकीने चटकन सोडवला; तिने आईला आपली विजार घालायला लावली. अडतीस वर्षांत मी हिला विजारीत प्रथमच पाहिले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ही म्हणाली, "हसायचं काम नाही. तुम्ही स्वतः दुधाच्या कॅनसारखे दिसताय."

बोटीवरची वाटाडी मुलगी विशी-बाविशीची. तिने आम्हांला दिशा सांगण्याची पद्धत शिकवली. बोटीचे नाक म्हणजे बारा वाजले. उजवा हात तीन, पाठीमागे सहा, डावा हात नऊ. देवमासा दिसला की ती नुसता आकडा ओरडणार, की सगळ्यांनी त्या बाजूला बघायचे. बोट बंदराबाहेर पडली, अर्धा तास गेला आणि ती एकदम ओरडली, "दोन वाजता!"

सगळी बोट उजवीकडे धावली. आमची ही मात्र डगल्याची बाही वर करून मनगटावरचे घड्याळ बघत होती. "दोन कसे वाजतील? आत्ता तर साडेदहा..."

आमची नात आठ वर्षांची. "आजी, घड्याळात नाही, समुद्रात!" असे म्हणून ती इतकी हसली की शेजारच्या जर्मन बाई काही न समजताच हसू लागल्या.

दोन वाजताचे ते पफिन निघाले. केशरी-लाल चोचीचे, काळ्या-पांढऱ्या अंगाचे हे पक्षी म्हणजे कोणी तरी लग्नाच्या वरातीसाठी नटवल्यासारखे दिसतात. उपसागरात त्यांचे एक छोटे बेट आहे. ते पाण्यावरून उडताना पंख इतके भराभर मारतात की उडण्याचा त्यांना आत्मविश्वास नसावा असे वाटते. पाण्याखाली मात्र हेच पंख वल्ह्यांसारखे चालतात. पुढे एक शिंशुक दिसला, तोही निमिषभर. मग धुके उतरले आणि लाटा उठल्या.

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. मी कोकणातला. समुद्र माझ्या अंगणात, असे मी लग्नाच्या पहिल्या दिवसापासून हिला ऐकवत आलो आहे. आणि त्या बोटीवर सकाळचा नाश्ता समुद्रार्पण करणारी जी पहिली व्यक्ती होती, ती मी होतो. वाईची ही बाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरून घट्ट उभी होती. "अंगण जरा जास्तच हलतंय," एवढेच ती म्हणाली.

देवमासा काही दिसला नाही. बंदरावर उतरताना सांगितले गेले की आज दर्शन झाले नाही, तेव्हा दुसरी फेरी फुकट. तिकिटाचे पैसे मी मनातल्या मनात रुपयांत मांडलेले होते, त्यामुळे मळमळ पुष्कळच कमी झाली. संध्याकाळी साडेआठच्या बोटीची जागा मिळाली.

मधला वेळ आम्ही तिथल्या देवमाशांच्या संग्रहालयात काढला. 1997 साली सुरू झालेले हे संग्रहालय एका जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत आहे. आत निरनिराळ्या जातींचे सांगाडे टांगले आहेत. सर्वांत मोठा निळ्या देवमाशाचा, सुमारे पंचवीस मीटर लांबीचा. 2010 साली तो आइसलंडच्याच उत्तर किनाऱ्यावर वाहून आला होता. त्याच्या बरगड्यांखालून चालताना देवळाच्या सभामंडपातून चालल्यासारखे वाटते. नात एकेक मणका मोजत पुढे गेली. ही मात्र पाटीपाशी थांबली. 'वाहून आला' हे तिने वाचले होते.

तिथल्या गृहस्थांना मी विचारले, "असा मासा किनाऱ्याला लागला की तुमच्याकडे काय करतात?"

ते हसले आणि म्हणाले, "आमच्या भाषेत त्याला 'क्वालरेकी' म्हणतात. देवमासा किनाऱ्याला लागणे. आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे, अचानक लाभलेले घबाड."

हिला मी ते मराठीत सांगितले. ती काहीच बोलली नाही. मला वाटले, वाईट वाटले असेल. आपण ज्याच्यासाठी कळश्या वाहिल्या त्याला कोणी घबाड म्हणावे! पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरोबर आहे हो त्यांचं. त्या रस्त्यावर मी विचारलं नव्हतं का, काय खाऊन जगली असतील? झाड नाही, धान्य नाही, हिवाळाभर अंधार. असा एक मासा आला म्हणजे अख्ख्या गावाची पोरं वाचली असतील. त्यांना ती देवाचीच कृपा वाटणार." मग जरा थांबून, "आपल्याला पोटाची भीती नव्हती म्हणून आपण पाणी ओतलं."

पाचवीच्या वर्गाला तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईने एका वाक्यात जे सांगितले, ते त्या संग्रहालयातल्या पाट्यांवर कुठे नव्हते.

अर्थात घबाड आपणहून किनाऱ्याला येण्याची वाट बघणे माणसाला फार काळ जमले नाही. तो समुद्रात गेला आणि भाला मारू लागला. पुढे भाल्याच्या टोकाला स्फोटक आले. विसाव्या शतकात दिव्याच्या तेलापासून साबणापर्यंत आणि मार्गारीनपर्यंत सगळ्यासाठी देवमासे इतके मारले गेले की शेवटी 1982 साली आंतरराष्ट्रीय आयोगाला व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव करावा लागला. तो 1986 पासून अमलात आला. आइसलंडने 2006 साली ही शिकार पुन्हा सुरू केली. 2023 च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने प्राण्यांच्या हालांचे कारण देऊन काही काळ स्थगिती दिली, तरी सप्टेंबरात चोवीस मोठे देवमासे मारले गेलेच. 2024 आणि 2025 च्या उन्हाळ्यांत मात्र त्या मोठ्या माशांची शिकार झाली नाही. म्हणजे एकाच देशाच्या एका किनाऱ्यावरून मारायला बोटी निघत आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून बघायला. आपण नावे ठेवू नयेत. घराघरांतही एकाच वेळी दोन मते नांदतात. पण हूसाविकच्या बंदरावर उभे राहिले म्हणजे एक साधा हिशेब माझ्यासारख्या बँकवाल्यालाही कळतो. मारलेला मासा एकदाच विकता येतो. जिवंत मासा रोज दाखवता येतो, आणि दाखवून झाल्यावर तो समुद्राचाच राहतो.

संध्याकाळी समुद्र तेलाच्या कढईसारखा शांत होता. ऊन तिरपे, सोनेरी; घड्याळ मानायला तयार नव्हते आणि आकाश ऐकायला. लेकीने मला एक गोळी दिली होती, ती मी दोन वेळा मोजून घेतली. उपसागरात दोन नद्या गोडे पाणी आणि गाळ आणतात, तळाचे थंड पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यावर कोळंबीसारखे बारीक जीव आणि छोटे मासे, आणि त्यांच्यासाठी देवमासे, अशी सगळी साखळी ती वाटाडी मुलगी समजावून सांगत होती. म्हणजे इथे अन्नछत्र आहे. हंपबॅक नावाचे कुबडे देवमासे उन्हाळाभर इथे जेवतात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून कॅरिबियन समुद्राकडे, केप व्हर्दे बेटांकडे जातात. पिल्ले तिकडे उबदार पाण्यात होतात.

हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी जातात. हे सासर."

मी ते इंग्रजीत करून सांगितले. 'सासर' या शब्दाचे इंग्रजी करताना माझी फार तारांबळ उडाली. पण मुलगी खूश झाली. म्हणाली, "हो, पण तिकडे त्यांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही. इथे साठवलेल्या चरबीवर ते महिनोन्‌महिने काढतात, आणि माद्या पिल्लाला दूधही त्यावरच पाजतात."

"हे कसलं माहेर, जिथं उपास!" ही म्हणाली. पण मग गप्प झाली. उपाशी राहून दूध पाजणाऱ्या आईबद्दल तिला आणखी काही विचारायचे असावे.

इतक्यात आरोळी आली, "अकरा वाजता!"

या खेपेला हिने घड्याळ पाहिले नाही. डाव्या अंगाला, दोन-तीनशे मीटरांवर, पाण्यातून पांढऱ्या धुराचा एक खांब उभा राहिला आणि हवेत विरला. कप्तानाने बोट हळू केली, थोडे अंतर राखून इंजिन बंद केले. बोटीवर साठ माणसे होती, पण पाळण्यातले मूल झोपवताना घरात असते तशी शांतता झाली. आणि त्या शांततेत तो आवाज आला.

फुस्स!

तोच आवाज. गणपतीपुळ्याच्या वाळूवर ऐकलेला. पण तो जर फाटक्या भात्याचा आवाज होता, तर हा लोहाराच्या नव्या भात्याचा. भरपूर, मोकळा, कसलीही घाई नसलेला. पाठोपाठ काळीभोर पाठ वर आली, चमकली, एखादे चाक फिरावे तशी फिरत पाण्यात गेली. मी हिच्याकडे पाहिले. तिचे ओठ हलत होते.

"एक," ती म्हणाली. काही वेळाने, "दोन." मग "तीन." चौथ्या श्वासानंतर पाठीची कमान उंच झाली आणि पाण्यातून शेपूट वर आले. साडेतीन-चार मीटर रुंद, कडांवरून पाणी निथळते आहे, खालच्या बाजूला पांढरे-काळे डाग. क्षणभर ते तसेच उभे राहिले आणि एक थेंबही न उडवता सरळ खाली गेले. मुलीने सांगितले की हे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यांचे फोटो जमवून इथले लोक एकेकाला नावानिशी ओळखतात. मी म्हटले, अंगठ्याचा ठसा. आमच्या बँकेत चालला असता.

मग वाट बघणे. पाण्यावर त्याच्या शेपटीने केलेली एक गुळगुळीत चकती राहिली होती, पावलाचा ठसा राहावा तशी. ही मोजतच होती. एकमेकांशी कुणी बोलत नव्हते. पाच मिनिटे झाली, सात झाली. तिचा चेहरा हळूहळू वेगळा दिसू लागला. तो मी ओळखत होतो. रात्री दिव्याच्या उजेडात छताकडे बघणारा तो चेहरा. माझ्या मनात आले, आपण हिला इथे आणायला नको होते.

आणि बोटीच्या अगदी जवळ, उजव्या बाजूला, इतक्या जवळ की हात लांब केला असता तर वाटले लागेल, समुद्र फुगला आणि फुटला. फुस्स! तुषारांचा ढग सरळ आमच्या अंगावर आला. आणि वास! वाचकहो, देवमाशाच्या श्वासाला काय वास असतो ते कुठल्याही प्रवासवर्णनात सांगत नाहीत, मी सांगतो. आठवडाभर बंद ठेवलेला सुकटीचा डबा उघडावा तसा. जर्मन बाईंनी नाक दाबले, नातीने "ईऽऽ" केले, माझ्या पोटातल्या गोळीची कसोटी लागली. आणि आमची ही, तुषारांनी चश्मा भरलेला, डगला भिजलेला, तोंडभर हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती.

"बघा," ती म्हणाली, "कसा पोटभर श्वास घेतोय."

तो मासा, किंवा मादी असेल तर ती, पाण्याच्या वरच्या थरातून बोटीच्या खालून पलीकडे गेली. तिचे लांबलचक पांढरे पर हिरव्या पाण्यात उजळलेले दिसले, आणि बोटीपेक्षा फार लहान नसलेले ते धूड आम्हांला कसलाही धक्का न लावता निघून गेले. एवढ्या ताकदीच्या जिवाने इतके सांभाळून जावे, याचे मला अजून नवल वाटते.

परतताना गरम कोको आणि दालचिनी लावलेला गोड पाव देतात. चर्चचा मनोरा दिसू लागला होता. हिने मुलीला जवळ बोलावले आणि मला म्हणाली, "हिला विचारा, यांतले आपल्याकडे येतात का?"

मुलगी म्हणाली, "नाही. पण तुम्ही हिंदुस्थानातले ना? तुमच्या अरबी समुद्रात याच जातीचे दुसरे आहेत. ते कुठेच जात नाहीत. वर्षभर तिथेच राहतात. जगातले बाकीचे सगळे ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण करतात, तुमचे तेवढे करत नाहीत."

"म्हणजे घरजावई," ही म्हणाली. त्याचे इंग्रजी करण्याचा प्रयत्न मी केला नाही. जावईबापू शेजारीच उभे होते.

त्या रात्री, म्हणजे बाहेर लख्ख उजेड असताना, खिडकीला जाड पडदे ओढून आम्ही झोपलो. मला तीन वाजता जाग आली. ही गाढ झोपलेली होती.

परत आल्यावर मी या घरच्या देवमाशांबद्दल मिळेल ते वाचले. ओमानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या पाहणीत त्यांची संख्या शंभराहूनही कमी असावी असा अंदाज निघाला आहे. मुळात ते फार नसावेतच; त्यातून 1965 आणि 1966 या दोन वर्षांत सोव्हिएत शिकारी जहाजांनी अरबी समुद्रात 242 हंपबॅक मारले. आंतरराष्ट्रीय बंदी असताना, चोरून. गोष्ट बाहेर आली ती सोव्हिएत राज्य संपल्यावर. आपल्या दारात एवढे घडले आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, कारण आपल्या समुद्रात असे कोणी राहते हेच आपल्याला ठाऊक नव्हते. आता कुठे थोडे कळू लागले आहे. 2015 साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात अभ्यासकांना निळे देवमासे दिसले. 2017 च्या अखेरीला ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावलेली 'लुबान' नावाची एक हंपबॅक मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, केरळच्या बाजूने खाली गेली आणि पुन्हा पलीकडे परतली. तिच्या शेपटीवरचा डाग धुपाच्या झाडासारखा दिसतो, म्हणून ते नाव. म्हणजे 'याची आई कुठं असेल' या प्रश्नावर मी समुद्राकडे पाहिले आणि काही दिसले नाही, तेव्हा समुद्र रिकामा नव्हता. मला पाहता येत नव्हते.

2024 च्या दिवाळीला आम्ही पुन्हा मालगुंडला गेलो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पूजेला अजून अवकाश होता म्हणून, भाऊ, मी आणि ही किनाऱ्यावर जाऊन बसलो. गेल्या वर्षी जिथे ते पिल्लू होते तिथे पोरे क्रिकेट खेळत होती. भाऊ नारळाच्या भावाबद्दल बोलत होता. ही पदर खोचून, कपाळावर हात धरून समुद्राकडे बघत उभी होती.

"वहिनी, काय शोधताय?" भावाने विचारले.

"काही नाही. दिसलं तर बघावं," ती म्हणाली. आणि एकदम ओरडली, "अहो, दोन वाजता!"

भाऊ गोंधळला. मी सवयीने मनगटावरचे घड्याळ पाहिले. पावणेसहा झाले होते. मग मान वर करून उजवीकडे पाहिले. मावळतीच्या उजेडात, होड्यांच्या पलीकडे, डॉल्फिनच्या दोन पाठी एकामागून एक वर आल्या, श्वास घेतला आणि पाण्यात गेल्या. एक मोठी होती, एक लहान.